त्या क्षणी काय वाटलं?

नवरा गेला त्या दुपारी माझा एक लेख अर्धा लिहून झाला होता. शाहूवाडीच्या डोंगराळ भागात पस्तिशी आली तरी लग्न न जमलेल्या मुलांवरचा. दवाखान्याच्या बाकावर बसून मी त्यातल्या दुसऱ्या परिच्छेदाचा विचार करत होते, हे मला स्वच्छ आठवतं. डॉक्टर बाहेर आले आणि माझ्या दिराशी बोलले. दिरानं भिंतीला हात टेकवला. मला कळलं. तरी तो परिच्छेद डोक्यातून गेला नाही. त्यातलं एक वाक्य काढायला हवं होतं.

मी कुठल्या वर्तमानपत्रात नोकरीला नाही. बरीच वर्षं रविवारच्या पुरवण्यांना आणि दिवाळी अंकांना लिहिते. जत्रा, लोककला, चालीरीती, बायकांचे प्रश्न. नवऱ्याचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंपाच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान होतं. सुट्टीच्या दिवशी तो मला मोटरसायकलवरून गावोगाव न्यायचा. मी आत बायकांशी बोलायचे, तो बाहेर कट्ट्यावर पुरुषांना पंपाची मोटर का जळते ते सांगत बसायचा. माझं लिहिलेलं तो फारसं वाचत नसे. छापून आलं की फोटो बघायचा आणि म्हणायचा, "बाई वळखू येतीया की."

नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, या चालीवर मी सगळ्यात जास्त लिहिलं होतं. ही चाल बंद करायची असं काही गावांनी ठरवलं तेव्हा मी त्या गावांत जाऊन बायकांना भेटले होते. प्रत्येकीला विचारायचे, "त्या क्षणी काय वाटलं?" बहुतेक जणी म्हणायच्या, "काय वाटायचं? काय न्हाय." मग मी लिहायचे, त्यांना शब्द सुचत नव्हते.

संध्याकाळी त्याला घरी आणलं. मुरगूडहून भावकीची माणसं जीप करून आली. अंगणात पुरुष, आत बायका. माझ्या चुलत सासूबाई, त्यांना आम्ही थोरल्या आत्या म्हणतो, माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला तशी खोलीतली कुजबूज थांबली. सगळ्यांना माझे लेख माहीत होते. वाचले कुणी नव्हते, पण माहीत होते. आता ही काहीतरी बोलणार, भांडणार, याची सगळ्या वाट बघत होत्या. धाकट्या जावेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अक्का, तुमी सांगाल तसं," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत जे लिहिलं, भाषणांतून बोलले, त्यातला एक शब्द आठवेना. मला तहान लागली होती. मी म्हटलं, "राहू द्या."

"आसं कसं ऱ्हाऊ द्या?" थोरल्या आत्या म्हणाल्या. "रीत हाय ती."

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या माझ्या सासूबाई बोलल्या. मुलाच्या पायाशी बसून त्या आत्ताच उठून आल्या होत्या. "ऱ्हाऊ दे म्हणतीया न्हवं? मग ऱ्हाऊ दे. माझा ल्योक गेलाय. मी सांगतो, कुणी हात लावायचा न्हाय."

संपलं. थोरल्या आत्यांनी माझा हात खाली ठेवला. बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि त्याला उचललं. हा प्रसंग मी दुसऱ्या कुणाचा ऐकला असता तर त्यावर लेखाचा शेवट केला असता. मला मात्र कुणीतरी पाणी दिलं आणि मी ते प्याले.

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे. माणसं चपला काढून आत यायची आणि आधी माझ्या मनगटाकडे बघायची, मग तोंडाकडे. मी रडत नव्हते. कुणी गळ्यात पडलं की त्यांची पाठ थोपटायचे. "दगडासारखी बसलीया," असं एक बाई पायऱ्या उतरताना म्हणाली. मी ते ऐकलं आणि तिला चहा दिला होता की नाही, ते आठवू लागले.

दिवसकार्य झाल्यावर पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज भरून आला होता. बाई खरंच चांगल्या आहेत. मग म्हणाल्या, "घाई अजिबात नाही. पण तुम्ही यावर इतकं लिहिलंय. आता स्वतःचं लिहिलंत, प्रथमपुरुषी, तर फार मोलाचं होईल."

"किती शब्द?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "तुम्हाला हवे तितके."

मी लिहायला बसले. बाहेर काय घडलं ते सगळं उतरलं: कोण कुठे बसलं होतं, कोण काय बोललं. पण जिथं मला काय वाटलं ते यायला हवं, तिथं काही येईना. रोज ते पान उघडायचे, बंद करायचे.

एका दुपारी सासूबाई पुढच्या सोप्यात पावटा सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसून शेंगा घेतल्या. माझे सासरे गेले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे त्या दिवसाबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं.

"आत्या, मामा गेले तेव्हा तुमच्या बांगड्या कुणी काढल्या?"

"कशाला? लिवायला व्हय?"

"नाही. असंच."

त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या. "कुणी न्हाय. बायका यायच्या आत मागल्या परड्यात गेलो आन् माझ्या हातानं काढलो. दुसऱ्यानं वढाताण कराय नको."

"मग?"

"मग काय? भाकऱ्या थापल्या. भावकी आलती. एवढी माणसं काय खाणार?"

"वाईट वाटलं असेल."

"कुणाला ठावं? आठवत न्हाय. पीठ संपलं म्हणून शेजारनं आणल्यालं तेवढं आठवतंय."

"रडलात?"

"रडलो आसंन की. कवातरी." त्यांनी माझ्या पुढ्यातल्या ढिगाकडे बघितलं. "त्या शेंगा किडक्या हायत्या, त्या बाजूला टाक."

मी किडक्या शेंगा वेगळ्या केल्या. आम्ही बराच वेळ तिथं होतो. दोघीही रडलो नाही. पण त्या दिवसापासून स्वतःत काहीतरी शोधायचं मी थांबवलं. संपादकबाईंना कळवलं की हा लेख जमणार नाही, दुसरा विषय देते. त्यांनी लगेच हो म्हटलं. शाहूवाडीचा लेख पुरा करून दिला, आणि पुढचा म्हणून गडहिंग्लजजवळच्या एका गावात बायकांनी चालवलेल्या वाचनालयाला जायचं ठरवलं.

एकटी एसटीनं निघाले. कागल सोडल्यावर शेजारच्या बाईनं माझं गाव विचारलं, मुलंबाळं विचारली, मग म्हणाली, "मालक काय करत्यात?"

"वारले. दीड महिना झाला."

तिची नजर माझ्या बांगड्यांवर गेली. ती खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिली. मग पिशवीतून पेरू काढून त्यातला अर्धा मला दिला. "खावा," म्हणाली. मी खाल्ला. गोड होता.

वाचनालय एका जुन्या दूध संकलन केंद्राच्या खोलीत होतं. बायका उत्साहानं बोलल्या. मी लिहून घेतलं, हसायचं तिथं हसले. परतीच्या गाडीत झोप लागली, ती थेट कोल्हापूर आल्यावर मोडली.

लेख पुरवणीत छापून आला. दिवस रविवारचा, जेवणं झाली होती. सासूबाईंचा चष्मा सापडत नव्हता, म्हणून त्या म्हणाल्या, "वाच की मोठ्यानं." मी सोप्यात त्यांच्याजवळ बसून वाचू लागले. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत त्यांनी हुंकार दिले. मग त्यांचा डोळा लागला; मान एका बाजूला कलली आणि श्वास लांब झाला. त्यांना उठवावं, की थांबावं, असं काही मनात आलं नाही. मी त्याच आवाजात पुढचं वाचत राहिले, शेवटच्या ओळीपर्यंत.