झिगा काय म्हणाला

आमच्या गावात बाहेर जेवायचा बेत ठरला की माणूस आधी बेकरीसमोरच्या बाकाकडे वळायचा. तिथे झिगा बसलेला असायचा. पूर्ण नाव झिगमोंड हेगेदूश, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर. जन्मभर त्याने गावची बस चालवली. स्टेशन, बाजार, डॅन्यूब नदीचा धक्का आणि परत स्टेशन. चालवता चालवता तो मागच्यांना काल कुठे काय खाल्लं ते सांगायचा, आणि ऐकण्याच्या नादात लोकांचे थांबे चुकायचे. निवृत्तीनंतर बस सुटली, बोलणं तेवढं राहिलं.

स्टेशनवर लांगोश मिळते, म्हणजे मैद्याची जाड तळलेली पोळी. तिच्याबद्दल झिगा म्हणायचा, "त्या तेलाला आता मतदानाचा हक्क द्या, कधीच वयात आलंय." नव्या हॉटेलात ताटलीवर पांढरा फेस देतात, त्यावर म्हणाला, "कुणीतरी थुंकलंय आणि लाज वाटून वर पान ठेवलंय." मिठाईवालीची क्रीमची वडी त्याला आवडायची, "पण मालकीण त्या वडीकडे अशी बघते, जणू आपण तिची मुलगी पळवून चाललोय." हे सगळं तो तोंडावर बोलायचा, आणि कुणाचा फुकटचा प्याला त्याने कधी घेतला नाही. म्हणून तर लोक विचारायचे, झिगा काय म्हणाला?

मी एतेल्का. तीस वर्षं माझं दार त्याच्या दारासमोर उघडतं. सकाळी मी पिरोश्काच्या 'बगळा' खानावळीत शेवया करते. गुरुवारी तिथे माशाचा रस्सा असतो, आणि गुरुवारी झिगा, देनेश न्हावी आणि सोडावाला वेंदेल असे तिघे तिथे जेवतात. झिगाने पहिला चमचा घेऊन मत दिल्याशिवाय बाकीचे दोघे चमचा उचलत नाहीत. वेंदेल तर त्याआधी रुमालही मांडीवर घेत नाही. मला ते नेहमीच बावळटपणाचं वाटत आलंय.

फेब्रुवारीत झिगा तापाने आठवडाभर पडून होता. उठला आणि त्याच गुरुवारी बगळ्यात आला. खानावळ भरलेली होती. त्याने पहिला चमचा घेतला, थांबला, दुसरा घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"पिरोश्का, ह्यात बुसा आहे."

बुसा म्हणजे थोराड, स्वस्त मासा. चिखलाचा वास मारतो आणि चरबीने तोंड मेणचट करतो. आमच्याकडे रस्सा कार्प माशाचा. बुसा घालून कार्पच्या नावाने वाढणं म्हणजे माणसाला तोंडावर फसवणं. पिरोश्काला वाटलं थट्टा आहे. हसत म्हणाली, "काका, ताप अजून उतरला नाही वाटतं."

"माझा उतरलाय. तुझ्या हंड्यात मात्र पाणी आहे. बुसाचं पाणी."

तो उठला. मागोमाग देनेश आणि वेंदेल न चाखताच उठले. शेजारच्या टेबलावर मिटक्या मारत खाणारी शिक्षकीणबाई चमचा हुंगून म्हणाली, "खरंच की, जरा चिखलासारखं लागतंय." तो कार्प सकाळी माझ्यासमोर फळीवर शेपूट आपटत होता. मी गावभर सांगून दमले. "तू तिथे कामाला, तू तेच म्हणणार," हे उत्तर ऐकून माझं डोकं फिरायचं.

दर गुरुवारी एक टेबल कमी भरू लागलं. पिरोश्काने आईचं घर विकून ती टेबलं आणि ती भट्टी घेतली होती. राहायला वरची खोली. बगळा बंद पडला तर तिला दुसरं छप्पर नव्हतं. ती हंडा जरा जास्तच जोरात हलवायची. रस्सा डावाने ढवळायचा नसतो, मासा फुटतो. कडीला धरून हंडा फिरवायचा असतो. ती इतक्या जोरात फिरवायची, की रस्सा निखाऱ्यावर सांडायचा.

मग एका सकाळी जिन्यात जळक्या दुधाचा असा वास भरला, की माझे डोळे चुरचुरले. वास झिगाच्या दारातून येत होता. मी दार ढकललं. स्वयंपाकघरात भांडं काळं पडलेलं, आणि हा बाहेरच्या खोलीत शांतपणे शब्दकोडं सोडवतोय.

"झिगा, दूध जळलं."

"कुठे?"

मी आतून व्हिनेगरची बाटली आणली, बूच काढून त्याच्या नाकाखाली धरली. तो माझ्याकडे बघत राहिला. पापणी हलली नाही.

"कधीपासून?"

"तापापासून." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "डॉक्टर म्हणतात, येईल तर येईल."

"म्हणजे पिरोश्काचा रस्सा..."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं, एता. रस्सा बेचव, मेणचट लागला. खरंच वाटलं, तिने बुसा घातलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी प्यायलो आणि कळलं."

"दुसऱ्या दिवशी कळलं, आणि आज एप्रिल आहे. ती पोरगी बुडायला आली, आणि तू गप्प?"

"मी काय आहे गं ह्याशिवाय?" त्याने नाकाला हात लावला. "बस गेली. बायको गेली. लोक बाकापाशी थांबतात ते ह्याच्यासाठी. हे गेलं म्हटल्यावर तिथे एक म्हातारा बसलेला दिसेल, बस."

मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच राग आला. मी म्हटलं, "गुरुवारी बगळ्यात येऊन सगळ्यांसमोर सांग. तू नाही सांगितलंस, तर मी सांगेन."

गुरुवारी सकाळी मी शेवयांचं पीठ घेऊन बसले आणि फळीवर नजर गेली. तिथे एक मोठं डोकं होतं, डोळे पार जबड्याखाली उतरलेले. असे डोळे एकाच माशाचे असतात.

"पिरोश्का, हे काय आणलंस?"

"बुसा." ती कांदा चिरत होती आणि वर बघत नव्हती. "सगळं गाव म्हणतंय ना? मग त्यांना खोटं कशाला पाडू? आजचा हंडा शेवटचा. महिनाअखेरीला जागा सोडते."

"आणि आज कुणी आलं तर?"

"कोण येणार, मावशी? आलाच तर तो म्हातारा यावा. म्हणावं त्याने बुसा आहे. मीही सांगेन, हो आहे, आयुष्यात पहिल्यांदा."

मी पीठ मळत राहिले. दुपारी हंडा तयार झाला आणि दार वाजलं. झिगा आला होता. निवृत्तीच्या दिवशीचा कोट अंगात, दाढी गुळगुळीत. मागे देनेश आणि वेंदेल. खानावळीत दोन ट्रकवाले सोडले तर कुणी नव्हतं.

माझे हात पिठात होते तसेच राहिले. हंड्यात काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, आणि त्याच्या नाकाचं तिला. दोन्ही मला एकटीला माहीत. त्याला हळूच सांगावं, तर तो ऐटीत म्हणणार, बुसा. आणि खरंच बुसा निघणार. मग पिरोश्का कायमची संपली. तिला सांगावं, तर तिथल्या तिथे ती डाव घेऊन धावली असती, आणि त्याच्या तोंडून एकही खरा शब्द निघाला नसता. एकच वाट होती. त्याने खाण्याआधी बोलायला हवं होतं.

आमच्याकडे आधी शेवयांवर नुसता रस्सा वाढतात. मासा नंतर, वेगळ्या थाळीत. मी बशा नेऊन ठेवल्या आणि तिथेच उभी राहिले.

"झिगा, आधी बोल. मग खा."

"आधी खातो, मग बोलतो," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, तिच्यावरून मला त्याचा डाव कळला. ह्याला नाकही झाकायचं होतं आणि पिरोश्कालाही वाचवायचं होतं.

"झिगा, माझं ऐक."

"एता, रस्सा निवतोय."

पिरोश्का स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. वेंदेलने रुमाल अजून उचलला नव्हता. झिगाने चमचा भरला, जुन्या ऐटीत नाकापाशी नेला, डोळे मिटले आणि तोंडात घातला. मी एप्रनचा कोपरा मुठीत धरला.

"कार्प," तो म्हणाला. "नदीचा, स्वच्छ कार्प. पिरोश्का, त्या दिवशी माझं चुकलं. तापातून उठलो होतो. असा रस्सा डॅन्यूबच्या दोन्ही काठांवर मिळायचा नाही, हे मी बाकावर बसून सांगेन."

बोलून तो मोकळा झाला. खुर्चीत जरा मागे रेलला. पिरोश्काच्या हाताची घडी सुटली. तिच्या चेहऱ्यावरचं मला वाचता येईना.

मग देनेशने चमचा उचलला. एक घोट घेतला आणि त्याचे ओठ तसेच राहिले. वेंदेलने घेतला, गिळला, आणि पाण्याचा पेला जवळ ओढला. दोघेही आपापल्या बशीत बघत बसले. ट्रकवाल्यांनीही खाणं थांबवलं होतं.

"काय झालं?" झिगाने विचारलं. "का रे, देनेश?"

देनेश शेवया चमच्याने ह्या कडेवरून त्या कडेला नेत राहिला.

पिरोश्का आत गेली आणि माशाची थाळी घेऊन आली. तिने ती झिगाच्या पुढ्यात ठेवली. तुकड्यांवर मधोमध ते डोकं होतं.

झिगा त्या डोक्याकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. आमच्या गावातलं शेंबडं पोरही जबड्याखालचे ते डोळे ओळखतं, आणि ह्याचे डोळे तर शाबूत होते.

"थट्टा करतोय तो," वेंदेल एकदम म्हणाला. "आपला झिगा ना? पहिल्या घोटातच कळलं असणार त्याला. थट्टा केलीस ना, झिगा?"

वेंदेलने त्याच्यासाठी सुटकेचं दार उघडून धरलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. लोक हसले असते, झिगा म्हणजे झिगा म्हणाले असते, आणि बगळ्यात बुसा शिजतो ह्यावर शिक्का बसला असता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला भीती वाटली की तो मान हलवेल.

"नाही," झिगा म्हणाला. "मला वास येत नाही. कशाचाच. जिभेला मीठ कळतं, साखर कळते, बाकी सगळं पाणी."

"त्या दिवशीही?" पिरोश्काने विचारलं.

"त्या दिवशीही."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

मला वाटलं आता खोटं बोलेल. "दुसऱ्या दिवशी," तो म्हणाला.

पिरोश्काने त्याच्यापुढची बशी उचलली. मला वाटलं, फेकते आता. तिने ती आत नेऊन बादलीत ओतली, हंडाही उतरवून ओतला, आणि हात पुसत बाहेर आली. आवाज अगदी खालचा होता.

"आईचं घर विकलं मी, झिगाकाका."

त्याने टोपी घेतली. "बाकावर जातो. आज बाजार आहे, सगळे असतील."

"तू कशाला? आम्ही सांगतो ना," देनेश म्हणाला.

"तुम्ही सांगितलंत तर म्हणतील, पिरोश्काने ह्यांना पाजली."

मी एप्रनसकट त्याच्याबरोबर निघाले. पिरोश्काने आज बुसा का आणला, ते वाटेत मी त्याला सांगितलं. बाकापाशी तो बसला नाही, उभाच राहिला, आणि बसमध्ये बोलायचा त्या आवाजात त्याने सगळं सांगितलं. ताप, नाक, कॉफी, आणि त्यानंतरचं गप्प बसणं. आजचा बुसाही सांगितला, तो का आला तेही. बेकरीवालीने तोंडावर हात ठेवला. मागून कुणीतरी हसलं. शिक्षकीणबाई म्हणाली, "मला तर तेव्हाच शंका आली होती," आणि मी तिला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लोक जायला वळले. झिगा टोपी हातात घेऊन उभा होता. तेवढ्यात मिरच्या विकणारी ओर्शोया पुढे आली. तिला ऐकू कमी येतं म्हणून नीट कळलंच नव्हतं, की झिगाला विचारायची सवयच होती म्हणून, कोण जाणे.

"ते असू दे, झिगाकाका. रविवारी माझे व्याही येतायत. त्यांना जेवायला कुठे नेऊ?"

"बगळ्यात ने."

"रस्सा चांगला असतो का तिथला?"

झिगाचं तोंड उघडलं. काहीतरी फक्कड निघणार असं मलाही वाटलं, आणि मागे वळलेले लोकही थांबले.

"मला कळत नाही गं," तो म्हणाला. "तू खा, आणि मला येऊन सांग."