बाईंसाठी निवडलेला शब्द

कसबा पेठेत मंदाकिनी आगटे बाईंचा इंग्रजीचा वर्ग पहिल्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत भरायचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो सुरू केला, आणि तोही फक्त नर्सेससाठी. परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी हवी तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. वर्धा, चंद्रपूरकडून पुण्यात आलेल्या मुली रात्रपाळी संपवून डोळे चोळत बाईंसमोर येऊन बसायच्या. खालच्या दुकानातून तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज येत राही. कुणी कुरकुर केली की बाई म्हणत, "वॉर्डात काय स्मशानशांतता असते का?"

अशक्तपणाच्या शब्दांचा त्यांचा धडा मुली कधी विसरत नसत.

"पेशंट वीक आहे, एवढं लिहून भागत नाही," बाई सांगत. "वीक म्हणजे तापातून उठलेला. चार दिवस वरणभात पोटात गेला की चालायला लागेल. फ्रेल म्हणजे प्रकृतीनंच नाजूक. त्याला धक्का लागू द्यायचा नाही, पण स्वतःचा चहा तो स्वतः करून पितो. फीबलच्या अंगात आवाज काढण्याइतकाही जोर नसतो. त्या शब्दात कीव आहे, तेव्हा जपून वापरा. आणि इन्फर्म म्हणजे वयानं, दुखण्यानं कायमचा खचलेला. तो पूर्वीसारखा उभा राहणार नाही हे धरूनच पुढची व्यवस्था करायची. शब्द चुकलात तर बऱ्या होणाऱ्या माणसाला कायमचं खाटेवर टाकाल."

सुरुची याच वर्गात शिकली. बिबवेवाडीची मुलगी. कामात चोख, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की अडखळायची. परीक्षेत दोनदा नापास झाली. बाईंनी तिला दुपारी वेगळं बसवून घेतलं, आपल्याबरोबर जेवायला घातलं, भाजी चिरताचिरता इंग्रजीत बोलतं केलं. ती पास झाली, पण ऐन वेळी तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि जाणं राहिलं. ती रडत आली तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "मग इथे शिकव. मला तरी दोन बॅचेस कुठे झेपताहेत?"

बाईंना मूलबाळ नव्हतं, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. हळूहळू वर्गाची किल्ली, मुलींचे फोन, वेळापत्रक सगळं सुरुचीकडे गेलं. बाईंनी ते आनंदानं जाऊ दिलं.

गेल्या पावसाळ्यात बाईंना डेंग्यू झाला. हॉस्पिटलातून सुटल्यावर त्यांचा पुतण्या शौनक त्यांना वारज्याला आपल्या घरी घेऊन गेला. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली होती. सुरुची शहाळी घेऊन भेटायला आली, उशाशी बसली, पाय चेपले.

"बाई, अजिबात घाई करू नका. मी आहे ना."

"म्हणून तर पडून आहे," बाई म्हणाल्या.

पुढे तिचे फोन विरळ झाले. बॅच मोठी आहे, दमत असेल, असं बाई शौनकला सांगत. मुलींपैकीही कुणाचा फोन आला नाही, याचं मात्र त्यांना नवल वाटायचं.

दिवाळीच्या आधी त्या शेवटची रक्ततपासणी करायला वारज्यातल्या एका दवाखान्यात गेल्या. लिफ्ट बंद होती, जिना चढून वर आल्या. काउंटरशी त्यांच्याच वर्गातली सृष्टी उभी होती, चंद्रपूरची मुलगी. बाईंना पाहून तिच्या हातातला ट्रे कलंडला.

"बाई, तुम्ही जिना चढून आलात?"

"मग काय, उडत येऊ?"

सृष्टी हसली नाही. तिचे डोळे भरून आले. तिनं बाईंना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. बाई आता परत येणार नाहीत, फोन करून त्यांना त्रास देऊ नका, असं सुरुची मॅडमनी वर्गात सांगितलं होतं. कसब्यातली खोली बंद केली होती. सगळी बॅच बिबवेवाडीला नेली होती, आणि बाहेर मॅडमच्या नावाची पाटी लागली होती.

"नेमकं काय म्हणाली ती?" बाईंनी विचारलं. "शब्द कोणता वापरला?"

"इन्फर्म."

"नीट आठव. वीक म्हणाली असेल."

"नाही बाई. मीच विचारलं होतं, वीक ना? तर म्हणाल्या, नाही, इन्फर्म. या दोन्हीतला फरक बाईंनीच शिकवलाय ना तुम्हाला?"

रक्त न देताच बाई उठल्या. रिक्षा करून थेट बिबवेवाडीला गेल्या. वर्ग एका बेकरीच्या वर होता. त्या दारात दिसताच मुली धडपडत उभ्या राहिल्या. एकीनं खुर्ची सरकवली, दुसरीनं त्यांच्या कोपराला धरलं. बाईंनी तो हात हलकेच सोडवला. सुरुचीनं मुलींना खाली पाठवलं.

"डॉक्टर म्हणाले होते, बाई..."

"डॉक्टर विश्रांती म्हणाले होते. मी तिथेच होते, सुरुची."

सुरुचीनं फळा पुसायला घेतला. मग म्हणाली, "वीक म्हटलं असतं तर मुली तुमच्यासाठी थांबल्या असत्या. फ्रेल म्हटलं असतं तर रोज वारज्याला आल्या असत्या, तुम्हाला बघायला. जन्मभर मी तुमच्या हाताखालचीच राहिले असते."

"आणि फीबल?"

"ते तुमच्याबद्दल म्हणवेना."

रागाच्या भरात किंवा घाबरून एखादा शब्द तोंडून गेला असता, तर त्यांनी तो पोटात घातला असता. इथे एकेक शब्द हातात घेऊन पारखला होता, आणि पारखायला त्यांनीच शिकवलं होतं.

"आई कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"तशीच."

बाई जिना उतरल्या. खाली उभ्या असलेल्या मुली बाजूला झाल्या. त्यांच्यापैकी कुणीही मागोमाग आलं नाही. परीक्षा तोंडावर होती.

शौनक चिडला. तक्रार करू, वकिलाला विचारू म्हणाला. "काय सांगशील त्याला?" बाई म्हणाल्या. "आजारी बाईला आजारी म्हटलं, असं?"

जानेवारीत त्यांनी कसब्यातली खोली झाडून पुन्हा उघडली. सृष्टी आली, आणखी दोघी आल्या. पूर्वीसारखी गर्दी पुन्हा झाली नाही. बाई तशाच नेटानं शिकवत राहिल्या, फक्त कुलूप आता स्वतः लावत. उन्हाळ्यात सृष्टी पास झाली आणि पेढे घेऊन आली.

"बाई, व्हिसा यायला वेळ आहे. तोवर मी इथे शिकवू? तुम्हाला मदत होईल."

"नको," बाई म्हणाल्या. "पास झालीस, आता तयारीला लाग. इथे कुणी राहायचं नाही."

सृष्टीचा चेहरा पडला. पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवून ती नमस्काराला वाकली आणि निघाली. तिला लागलं, हे बाईंना कळलं होतं. हाक मारावी म्हणून त्या दारापर्यंत गेल्यासुद्धा. पण ती वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.