कंसातलं नाव

छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा बाकावर बसलो. राजारामपुरीतल्या त्या क्लासात सगळी डिप्लोमाची पोरं. शिकवणारे सर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, आणि ते मला 'काका' म्हणायचे. दिवसभर उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर लोखंड कातत उभा राहून आलेला माणूस मी, नखातलं काळं साबणानंही जायचं नाही. समोर फळाभर इंग्रजी अक्षरं आणि आकडे. डोकं नुसतं गरगरायचं.

पण जाणं भाग होतं. नव्वदचं दशक सरत आलेलं. आमच्या मालकांनी कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन मागवलं होतं आणि त्याचा प्रोग्रॅम लिहायला कारखान्यातल्या नऊ जणांत दहावी पास निघालो मी एकटा. माझं नाव मिस्त्रींनीच पुढं केलं. मिस्त्री म्हणजे आमचे मुख्य टर्नर, गाव नेसरी, वय पंचावन्नच्या पुढं. लेथला हात कसा लावायचा हे मला त्यांनीच शिकवलेलं.

"जा की मर्दा," ते म्हणाले. "तू शिकलास तर माझं बी निभंल."

"मशीन आलं तरी तुमची जागा कुठं जात न्हाय, मिस्त्री," मी म्हणालो. शब्द दिला की हो मी! बोलायला काय जातंय.

प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे मशीनला एकेका ओळीत सांगायचं, टूल कुठं न्यायचं, किती वेगानं, किती खोल. अक्षरं मी घोकून पाठ केली. पण किती खोल, हे क्लासच्या वहीत नव्हतं. ते मिस्त्रींच्या हातात होतं. आमचा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, बहुतेक बिडाचा, ओतीव लोखंडाचा. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता ते सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो.

"बिडाची साल लई कडक असती. पयला कट सालीच्या खाली घाल. वरवर खरवडत बसलास की टूल मेलंच म्हणून समज."

पहिल्या चाचणीला मी एका आकड्यापुढं टिंब द्यायला विसरलो. त्या मशीनवर टिंब नसलं की पन्नास मिलिमीटरचा आकडा केसाएवढा होऊन बसतो. टूल सुसाट फिरत्या जॉबच्या पोटातच घुसायला निघालं. मी आपला येड्यासारखा बघत उभा. मिस्त्रींनी माझ्या खांद्यावरून हात घालून लाल बटण हाणलं.

"आयला, टिंबानं मारलं असतंस की रं!" म्हणाले आणि हसत सुटले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "मालकास्नी सांगू नगं. शिकताना चुकतंयच."

त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

महिनाभरात प्रोग्रॅम असा बसला की जॉबमागून जॉब सारखा निघायला लागला. मालक येऊन बघत उभे राहायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, "मिस्त्रीशिवाय चालंल आता?"

माझी छाती फुगलेली. म्हणालो, "चालंल की!"

मला वाटलं, ते प्रोग्रॅमबद्दल विचारतायत. असं मी इतकी वर्षं सांगत आलोय, बायकोला आणि स्वतःलाही. खरं सांगू? विचारलं तेव्हाच मला उमगलं होतं, ते माणसाबद्दल विचारतायत. तरी मी शब्द मागं घेतला नाही. त्या शनिवारी मालकांनी मिस्त्रींना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. जाताना मिस्त्री माझ्याकडं आले, पाठीवर थाप मारली आणि डबा घेऊन गेले. मी मान वर केली नाही.

सोमवारी मी प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत कंस टाकला आणि त्यात मिस्त्रींचं नाव लिहिलं. कंसातलं मशीन वाचत नाही, ओलांडून पुढं जातं. ते माणसानं वाचायचं असतं. आणि ते वाचणारा कारखान्यात मी एकटाच होतो.

खंडेनवमीला मिस्त्री पूजेला आले. धुतलेलं धोतर, टोपी. मशीनला झेंडूची माळ घातलेली. त्यांनी हळद-कुंकू वाहिलं आणि मला विचारलं, "ह्येच्यात माझं काय ऱ्हायलंय का रं?"

मी स्क्रीनवर बोट ठेवून नाव वाचून दाखवलं.

"माझं नाव? मशीनला कळतंय व्हय ते?"

"कळतंय की," मी म्हणालो.

म्हातारा इतका हरखला! येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवत सुटला. खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी एसटीनं नेसरीला गेलो. काकी, म्हणजे त्यांची बायको, पुढच्या सोप्यात बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला जवळ बसवलं.

"तुमच्या मशीनला ह्यांचं नाव ठावं हाय म्हणं. गावभर सांगायचं. काय अडलं की मशीनच मला हाक मारंल बघा, म्हणायचं. फाटक वाजलं की उठून बघायचं." तिनं पदरानं डोळे पुसले. "नाव ठावं हुतं, मग एकदा बी हाक कशी मारली न्हाय रं बाबा?"

"काकी, चूक माझी हाय."

तिला वाटलं, प्रोग्रॅमच चुकला. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"असू दे," म्हणाली. "शिकताना चुकतंयच."