तुपातली लव्हाळी

अमेरिकेत, आमच्या रेडमंडच्या घराशेजारी एक आयरिश म्हातारा राहतो. लहानपणी त्याच्या खेड्यात वीज नव्हती. अजूनही तो ओढ्याकाठची लव्हाळी आणतो, सालीची एक पट्टी ठेवून बाकी सोलतो आणि चरबीत बुडवून वाळवतो. अशी लव्हाळी मेणबत्तीसारखी वीसेक मिनिटं जळते. तेवढाच वेळ तो गोष्ट सांगतो. ज्योत गेली की वाक्य अर्धं टाकून उठतो. "उजेड संपला, गोष्ट संपली, प्रोफेसर!" एका गोष्टीत त्याच्या काकाची गाय छपरावर चढली होती. ती उतरली की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.

माझ्या बायकोला चरबीचा वास सोसेना. "शी, आजोबा! हे घ्या," म्हणत तिने घरी कढवलेल्या तुपाची बरणी त्याच्या हातात ठेवली. तेव्हापासून तो 'टूप'च वापरू लागला.

ती गेल्यावर महिन्याभराने तो एकच लव्हाळी घेऊन आला.

"बरणी पुसून घेतली. तिच्या टूपाची ही शेवटची. लावू?"

मी होकारार्थी मान हलवली. मग उठून खोलीतला दिवा बंद केला.

खोलीत तिच्या स्वयंपाकघराचा वास पसरला. त्या संध्याकाळी गोष्ट त्याने सांगितलीच नाही. मीच बोलत राहिलो, तिच्याबद्दल, महिन्याभरात पहिल्यांदाच. मध्येच ज्योत गेली. मी सवयीने थांबलो आणि त्याची खुर्ची सरकण्याची वाट पाहू लागलो.

"मग?" अंधारातून तो म्हणाला. "पुढे काय म्हणाली ती?"