भावोजी, गिरणी बंद करा!

उशीवाल्या काकूंनी आरोळी ठोकली की तीन गल्ल्यांपलीकडची माणसं झोपेतून दचकून उठायची. उशा करणाऱ्या बाईनंच लोकांची झोप उडवायची, आता याला काय म्हणायचं! पण खरा दोष विजेचा. भिंतीपलीकडे धाकट्या दिराची पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की गावातले दिवे मिणमिणायचे आणि काकूंचं कापूस पिंजायचं मशीन कण्हत कण्हत थांबायचं.

"भावोजी, गिरणी बंद करा!"

"मग लोकांनी काय कापूस खायचा, वहिनी?"

वर्षानुवर्षं हेच चाललेलं. काकूही अशा हट्टाला पेटलेल्या, की दळण घेऊन शेजारच्या गावी जायच्या. पण दिराच्या गिरणीची पायरी चढायच्या नाहीत.

अशात शहरातल्या एका वसतिगृहाच्या बाई काम बघायला येणार असल्याचा निरोप आला. पसंत पडलं तर वर्षभर उशा काकूंच्याच. नाहीतर काकू मशीन विकून टाकणार होत्या. चावडीवर तसं सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

तो बारीक आवाज काही गावाला सोसवेना. बाईंची गाडी वळणावर दिसली मात्र, घराघरांतली बटणं पटापट बंद झाली. पंखे, पाण्याचे पंप, न्हाव्याचा टीव्ही, सगळं! आणि नवल म्हणजे गिरणीसुद्धा गप्प झाली.

काकूंनी ऐटीत बटण दाबलं. जन्मभर अर्धपोटी राहिलेल्या मशीनला अख्ख्या गावाची वीज एकदम मिळाली! ते असं काही उधळलं की झाकण उडालं आणि खोलीभर कापूसच कापूस. बाईंच्या केसांत कापूस, चष्म्यावर कापूस, चहातसुद्धा कापूस.

"अहो, थांबवा ते!"

"बटण दिसलं तर थांबवीन ना!"

शेवटी भिंतीवरून उडी टाकून दिरानंच मेन स्विच खाली ओढला. त्याच्या मिशा पांढऱ्याफेक झाल्या होत्या. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. गेलं, सगळं गेलं, असं वाटून त्या मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात बाईंना एक सणसणीत शिंक आली आणि त्या खो खो हसत सुटल्या. हसता हसता उशांच्या ढिगावरच बसल्या. एक उशी दाबून बघितली, दुसरी बघितली.

"उशा झकास आहेत हो! पण मशीन रोज असं चालतं का?"

काकू डोळे पुसत उठल्या. मिशा झटकत दीर म्हणाला, "चालेल. दळण सकाळी. दुपारी गिरणी बंद."

"मग ठरलं," बाई म्हणाल्या. "झाकण तेवढं घट्ट बसवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी घरघरली. सवयीनं लोकांनी कानांवर हात ठेवले, पण ओरड काही येईना. बघतात तर काकू दळणाचा डबा घेऊन गिरणीच्या पायरीवर उभ्या! डब्यावर एक कोरी, गुबगुबीत उशी.

आजवर पिठाच्या पोत्यावर डोकं टेकत आलेला दीर बघतच राहिला. "हे काय, वहिनी?"

"दुपारी रिकामेच ना आता? मग झोपा की!"