नानांच्या बागेची तारीख

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या, कारण शोधायचाही कंटाळा आलाय आता.

मी जळगावात मेहरूणला राहतो. केळीवाल्यांसाठी मोबाइल ॲप काढलेल्या एका कंपनीत आहे. बाग कधी लावली, खत कधी दिलं, कटाई कधी येणार, ते शेतकऱ्यानं त्यात भरायचं. ॲप सल्ला देतं. फुकट. गावोगाव फिरून लोकांना ते घ्यायला लावायचं, हे माझं काम. यावलकडच्या नानांनाही मीच लावलं. नाना माझे कुणी नाहीत. पण त्यांच्या ओट्यावर इतक्या वेळा जेवलोय, की कुणी नाहीत असं तरी कसं म्हणू?

तेव्हा नानांनी एकच विचारलं होतं. "कटाईची तारीख व्यापाऱ्याले तर नाही ना दिसत रे भाऊ?" बरोबरच होतं त्यांचं. तयार केळी थांबत नाही. बाग कधी कापावीच लागणार, हे व्यापाऱ्याला कळलं की भाव त्याच्या हातात. म्हणून ती तारीख केळीवाला घराबाहेर जाऊ देत नाही. मी म्हटलं, "नाना, तुमच्याशिवाय कुणालाच नाही." ते खरं होतं — तेव्हा.

मग साहेबांनी ठरवलं, फुकट किती दिवस चालवायचं? तारखा व्यापाऱ्यांना विकायच्या. आम्ही दोघं-तिघं कुरकुरलो, मग गप्प बसलो. ॲपमध्ये एक लांबलचक सूचना आली, खाली 'मान्य आहे'. कोण वाचतंय? नानांच्या मोबाइलवर ते बटण मीच दाबलं. चहा पीत पीत.

तुम्ही म्हणाल, नोकरी आहे, पोटासाठी माणूस करतो. थांबा. अजून सांगून झालेलं नाही.

त्या हंगामात व्यापारी बांधावर आला, तो तारीख तोंडपाठ असल्यासारखा. भाव पाडून माल घेऊन गेला. नानांनी मला बोलावलं. रागानं नाही हो — रागावले असते तर बरं झालं असतं. "तुझ्या त्या ॲपातून तर नाही ना गेलं?" मी म्हटलं, नाही. एवढ्यावर थांबायचं ना? चोर तो चोर, वर शिरजोर! म्हटलं, "नाना, तारीख घरात अजून कुणाला माहीत होती, ते बघा."

घरात म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, आबा. दोघांचा बांध एक, विहीर एक. बोट कुणाकडे जाणार, हे मला माहीत होतं. माहीत असून बोललो. भ्यालो होतो. आणि बोलून झाल्यावर — हेही सांगतो — हलकं वाटलं मला.

आबा देवाच्या शपथा घेत राहिले. नानांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. आबांच्या मुलीच्या लग्नालाही ते गेले नाहीत. मांडव समोरच्याच अंगणात होता.

आता इतर गावांत लोकांना वास लागलाय. भराभर ॲप काढून टाकताहेत. साहेब मीटिंगमध्ये विचारतात, लोकांचा विश्वास का उडाला?

नानांचा उडालेला नाही. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. थकलेत फार. म्हणाले, "भावाले नाही सांगत आता. कोणालेच नाही. तुलेच सांगतो." आणि दार लोटून घेऊन, हळू आवाजात, यंदाच्या कटाईची तारीख सांगितली.

मी ती ॲपमध्ये भरली.