द्वारका ते हरसूल, जखमी अवस्थेत

सिन्नरहून निघालो तेव्हा आमच्या गल्लीत युद्ध सुरू होऊन तीन दिवस झाले होते. त्याआधी गल्ली तटस्थ होती. सरहद्दीची बातमी लागली की किराणावाले अण्णा चॅनेल बदलायचे. तिकडचं तिकडे बघतील, आपल्याला काय त्याचं, यावर सगळ्यांचं एकमत. आणि आता त्याच अण्णांनी दुकानात नकाशा टांगला होता, साखर माणशी एक किलोवर आणली होती आणि खिडक्यांना लावायला काळा कागद विकायला ठेवला होता. हळदीच्या डीजेवर देशभक्तीची गाणी वाजत होती. शत्रूला दोन दिवसांत संपवायचं की चार, एवढाच वाद उरला होता.

गल्लीतल्या कुठल्याच घरातला माणूस फौजेत नव्हता. माझा भाचा सोमनाथ मात्र आहे. आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. सुट्टी रद्द झाली, पुढे कुठे नेतील माहीत नाही, फोन बंद राहील. "मामा, आईला समक्ष जाऊन सांग, मी बरा आहे. आणि म्हणावं, काळ्या गोऱ्ह्याला वेसण मी आल्यावरच घाला."

ताईचा पाडा हरसूलच्या पुढे, तिथे फोनला रेंज नाही. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. निरोप कसा द्यायचा हे मला कळतं, अशी माझी समजूत होती. गोऱ्ह्याचं तेवढं मी मनातल्या मनात गाळलं. देशावर संकट असताना गोऱ्हा काय सांगायचा?

नाशकात द्वारका चौकात उतरलो आणि भोंगा वाजला. हवाई हल्ला झाला तर काय करायचं याची तालीम होती. नाशिककरांनी लगेच दखल घेतली, म्हणजे सगळ्यांनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. एक रिक्षावाला भोंग्याला हॉर्नने उत्तर देत होता. गळ्यात शिट्टी अडकवलेले एक साहेब माझ्याकडे आले. त्यांच्या ठरलेल्या जखमींपैकी एक जण चहाला गेला तो परतलाच नव्हता.

"तुम्ही शिकलेले दिसता," ते म्हणाले, "आडवे व्हा."

शिकलेला दिसतो म्हटल्यावर मी आडवा झालो. मे महिन्यातल्या डांबरावर. कुणीतरी डोक्याला पट्टी गुंडाळली, वर लाल रंग ओतला, आणि दोघांनी मला स्ट्रेचरवरून सावलीत नेऊन ठेवलं. साहेबांनी हात मिळवला आणि मी गंभीर जखमी छान झालो, असं म्हणाले.

पट्टीची गाठ सुटेना. खरं सांगायचं तर मी फार ओढलीही नाही. हरसूलच्या बसमध्ये चढलो आणि एक बाई खिडकीची जागा सोडून उठल्या. गिरणाऱ्याच्या थांब्यावर न मागता चहा आला. आजवर माझ्या पदवीला कुणी उठून जागा दिली नव्हती.

शेजारी पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ होते, पिकांची औषधं विकणारे. शत्रूची सगळी शहरं जमीनदोस्त करा, असं ते मला घाट लागेपर्यंत समजावत होते. समोर एक म्हातारी दांडी धरून उभी होती, तिच्यासाठी वीतभर सरकायची मात्र त्यांची तयारी नव्हती. द्राक्षांचे मांडव मागे पडले, वाघेरा घाट सुरू झाला. उघडे तांबूस डोंगर, करवंदाच्या जाळ्या. एका वळणावर उतारावरून धुराचा लोट उठलेला दिसला. गृहस्थ ताडकन उभे राहिले.

"पडला. इथंही पडला."

कंडक्टरने तिकिटाच्या मशीनवरून मान वर केली. "काका, राब हाय तो. दरसाल पडतो." (राब म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळून जमीन भाजणं.)

बस हसली. गृहस्थ बसायला वळले तर त्यांच्या जागेवर म्हातारी बसलेली.

हरसूलला बाजार होता. सुक्या बोंबलाचा वास, आंब्याच्या पाट्या, आणि माझ्याआधी पोचलेली माझी बातमी. बसमधून कुणी फोन केला असणार. नाशकात बॉम्ब पडला आणि एक जण वाचून आला, असं मलाच ऐकवण्यात आलं. दोघांना मी खरं सांगितलं. तिसऱ्याला सांगायचा कंटाळा केला.

तिथून पाडा तासाभराची चाल. ताई अंगणात नागली पाखडत होती. तिने मला लांबून पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि सूप तिच्या हातातच राहिलं. मी तिथूनच ओरडलो की सोमनाथ बरा आहे. ती मटकन खाली बसली. वाईट निरोप आणणारे असंच सुरू करतात, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मी तालमीचं सांगितलं. मग वाटेत जुळवलेलं भाषण केलं, देश, कर्तव्य, अभिमान. ती ऐकत उठली, विळ्याने गाठ कापली आणि पट्टी नाकाशी धरली.

"खोटं रगत लावून आलास, काशा. आता तुझं खरं कोन्तं धरू?"

तिला घेऊन माळावर चढलो, तिथे रेंज येते. सोमनाथला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. ती फोनकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तो काय बोलला तेवढंच सांग," ती म्हणाली. "तुझं नको."

तेव्हा मला गोऱ्हा आठवला. "म्हणाला, काळ्या गोऱ्ह्याला वेसण मी आल्यावरच घाला."

ताई तिथेच दगडावर टेकली. पदराने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिली. "सोमाच हाय," म्हणाली. "परवा घालनार व्हतो. नाय घालत आता."

घरी येऊन तिने मला नागलीची भाकर वाढली. पट्टी धुऊन कुडावर वाळत टाकली. कापड चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. डोकं मोकळं होतं, त्यामुळे नाशिकपर्यंत उभाच आलो. पेपरात द्वारकेच्या तालमीचा फोटो होता. तालीम यशस्वी झाली, कुणालाही इजा झाली नाही, असं खाली छापलं होतं.

पुढे तिकडे गोळीबार थांबला. इतक्या लवकर थांबवला म्हणून अण्णा एक दिवस चिडले, मग उरलेला काळा कागद वह्यांच्या कव्हरांना खपवला. आता बातमी लागली की ते पुन्हा चॅनेल बदलतात.

सोमनाथला अजून सुट्टी मिळालेली नाही. परवा ताईकडे गेलो तर गोऱ्ह्याने दावं तोडून शेजाऱ्याचं कुंपण पाडलं होतं. शेजारी अंगणात उभा राहून ओरडत होता, आजच्या आज वेसण घाला म्हणून. ताईने त्याला पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली. वेसण खुंटीवरच होती. तिला तिने हात लावला नाही.